बागेचे प्रश्न : ट्यूलिप ट्री म्हणताय खरं, पण कुठला?

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की आमच्या मागच्या अंगणातल्या ट्यूलिप ट्रीला सतरा वर्षांनी पहिलं फूल आलं. तसं फूल मी झाडावर पाहिलंच नाही, ते वर कुठेतरी पन्नास फुटांवर होतं, लॉन कापताना गवतात एक जाडसर पोपटी पाकळी सापडली, बुडाशी केशरी पट्टा, कुणी ब्रशने ओढल्यासारखा, तेव्हा कुठे मान वर करून बघितलं. त्या दोन ओळींवर एवढी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्याच झाडाला देऊन टाकलंय. आणि पत्रं वाचता वाचता लक्षात आलं की निम्म्या लोकांच्या डोक्यात वेगळंच झाड आहे. पुण्याचे लाल फुलांचं म्हणतायत, अलिबागचे पिवळ्या फुलांचं, आणि इकडचे न्यू जर्सी-व्हर्जिनियावाले माझंच. तर आधी अमेरिकेतलं घेते, ज्याला इकडे ट्यूलिप पॉप्लरही म्हणतात, मग आपल्याकडचे दोन्ही.

ताई, आम्ही मार्चमध्ये नवीन घरात आलो. मागे डेक (लाकडी ओटा) आहे आणि दुपारचं ऊन सरळ अंगावर येतं. नर्सरीत ट्यूलिप पॉप्लर सुचवलाय, पटकन वाढतो म्हणे. डेकपासून पंधरा फुटांवर लावला तर चालेल का? आणि मिस्टर म्हणतायत ऑक्टोबरमध्ये सेल लागतो तेव्हा घेऊ, स्वस्त पडेल. (एडिसन, न्यू जर्सी)

पंधरा फूट नको हो. हे झाड घराशेजारीसुद्धा सत्तर-नव्वद फूट आरामात जातं, आणि स्मोकी माउंटन्सच्या जंगलात तर दीडशेच्या वर. न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये अ‍ॅली पॉन्ड पार्क आहे, तिथे एक जुना ट्यूलिप ट्री आहे, १३० फुटांच्या वर, वय साडेतीनशे ते साडेचारशे वर्षं मानतात. म्हणजे कमीतकमी धरलं तरी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारचं झालं. एकदा जाऊन बघून या मिस्टरांना घेऊन, मग डेकपासूनचं अंतर ते स्वतःच वाढवतील. मी तर म्हणेन घरापासून चाळीस फूट तरी सोडा, वर विजेच्या तारा नकोत, शेजाऱ्याच्या कुंपणाला चिकटून नको, आणि बर्फाच्या वादळात याच्या फांद्या कडाकड मोडतात म्हणून खाली गाडी उभी राहील अशा जागी तर नकोच नको. तुमचं अंगण तेवढं मोठं नसेल तर लिटल व्हॉलंटियर नावाची बुटकी जात मिळते, ती तीस-चाळीस फुटांत थांबते, किंवा अर्नोल्ड म्हणून एक आहे जी उंच जाते पण खांबासारखी सरळसोट, अंगाने पसरत नाही. नर्सरीत नाव विचारूनच घ्या, नुसतं ट्यूलिप पॉप्लर म्हटलं तर मोठंच हातात देतील.

पॉप्लर म्हणतात, पण पॉप्लरशी याचं काही नातं नाही. लाकूड हलकं आणि पिवळट म्हणून लाकूडवाल्यांनी येलो पॉप्लर नाव पाडलं ते चिकटलं. मुळात हे मॅग्नोलियाच्या घरचं, म्हणजे आपल्या सोनचाफ्याचा, कवठी चाफ्याचा चुलत भाऊ. हे नातं मी मुद्दाम सांगतेय कारण लावणीची सगळी मेख त्यातच आहे. चाफ्याचं मोठं रोप एका जागेवरून दुसरीकडे हलवलं की कसं रुसून बसतं ते ज्यांनी केलंय त्यांना माहितीये, तसंच याचं. मुळं मांसल, जाड, तंतुमुळं कमी, आणि उपटताना जी तुटतात ती थंड मातीत लवकर भरून येत नाहीत, हिवाळाभर ओल्या गार जमिनीत राहिली की सडतात. म्हणून ऑक्टोबर नाही, एप्रिल. जमीन बर्फातून मोकळी झाली आणि कळ्या फुगायला लागल्या की लगेच.

हे मी पुस्तकातून नाही सांगत बरं का. आमचं पहिलं झाड सेलमध्येच घेतलं होतं, ऑक्टोबरअखेर, आठ फुटी, बुंध्याखाली गोणपाटात बांधलेला मातीचा हा एवढा गोळा, नवरा आणि त्याचे दोन मित्र मिळून ढकलत नेलं. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत छान दिसत होतं, दिसणारच, पानं गळालेली होती तर त्यात वाईट दिसायला उरलंय काय. एप्रिल गेला, मे अर्धा गेला, शेजारचे मेपल हिरवेगार झाले आणि आमचं काठीसारखं उभं. शेवटी नखाने साल खरवडली, आत हिरवं दिसायला पाहिजे तिथे कोरडं तपकिरी. दुकानाने पैसे परत दिले नाहीत, गॅरंटी सेलच्या मालाला नसते म्हणाले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये कमरेएवढं रोप आणलं, कुंडीतलं, मला तर बघून हसूच आलं होतं. तेच हे आजचं.

खड्ड्याचं सांगते. खणायच्या आधी ८११ ला फोन करा, फुकट असतं, काही दिवसांत येऊन गॅसची पाइप, वायर कुठून गेलीये त्याच्या खुणा रंगाने मारून जातात, आळस करू नका. खड्डा मुळांच्या गोळ्यापेक्षा दुप्पट-तिप्पट रुंद पण खोल मात्र तेवढाच, जास्त नाही. बुंधा खाली जिथे रुंद होऊन मुळांत उतरतो ती जागा मातीच्या वर दिसली पाहिजे, पुष्कळ जण ती गाडून टाकतात आणि झाड मग पाच-सात वर्षांनी हळूहळू जातं, कारण कुणाला कळत नाही. गोळ्यावरचं गोणपाट आणि तार वरून कापून काढा, नायलॉनची दोरी असेल तर एकूण एक काढा. माती तीच परत भरा, वेगळं खत-बित पहिल्या वर्षी काही घालू नका. वरून दोन-तीन इंच मल्च, म्हणजे लाकडाच्या ढलप्यांचं आच्छादन, बुंध्यापासून चार बोटं लांब. इकडे बुंध्याभोवती मल्चचा ज्वालामुखी करायची जी फॅशन आहे ना, ती बघितली की मला खाली उतरून हातांनी बाजूला करावीशी वाटते, एकदा एका पार्किंग लॉटमध्ये केलंही आहे.

आणि हरणं! न्यू जर्सीत राहताय म्हणजे सांगायला नको. शेंडे खातात ते एक, पण शरद ऋतूत नर हरणं शिंगं घासून बारीक बुंध्याची साल सोलून काढतात, गोल सोलली गेली की संपलं. पहिली पाच-सहा वर्षं भोवती जाळीचं कुंपण.

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी लावलेला ट्यूलिप पॉप्लर आहे, दहा-अकरा फूट झालाय. दरवर्षी जुलैअखेर आतली पानं पिवळी पडून गळायला लागतात, ऑगस्टमध्ये तर अंगणात कचराच. फॉल (पानगळ) इतक्या लवकर कसा येतो? रोग आहे का? (फेअरफॅक्स, व्हर्जिनिया)

रोग नाही, तहान आहे. बाकीची झाडं पाणी कमी पडलं की पानं मान टाकून सांगतात, हा सरळ आतली जुनी पानं टाकून देतो आणि शेंड्याकडची वाचवतो. जंगलात हे झाड ओढ्याकाठच्या खोल, ओलसर, पाणी न साठणाऱ्या मातीत सगळ्यात छान येतं, आणि आपण त्याला लावतो नव्या कॉलनीतल्या त्या चिकणमातीवर, जिच्यावरून बिल्डरचा बुलडोझर वर्षभर फिरलेला असतो आणि वर दोन इंच गवताचा गालिचा अंथरलेला असतो. मुळं जाणार कुठे.

लॉनचा स्प्रिंकलर चालू आहे म्हणजे झाडाला पाणी मिळतंय असं समजू नका, ते सगळं वरचं गवत पिऊन टाकतं. पाइप बारीक धारेवर सोडून बुंध्यापासून दोन-तीन फुटांवर तासभर ठेवा, दर थोड्या वेळाने जागा बदला. किंवा ती हिरवी चेनवाली पिशवी मिळते ना, वीस गॅलनची, बुंध्याला जॅकेटसारखी घालायची, ती आठवड्यातून एकदा भरा, उन्हाचा कडाका असेल तर दोनदा. पण आधी बोट मातीत घालून बघा, चार इंचांवर ओल असेल तर पाणी नको, सारखं ओलं ठेवलंत तर चाफ्यासारखीच मुळं कुजतील. असे पहिले तीन उन्हाळे सांभाळलेत की मग तो स्वतःचं बघतो. आणि गवत काढून टाका हो बुंध्याभोवतीचं, चार फुटांचं आळं करा, आपल्याकडे नारळाला करतो तसं.

ताई, झाड आम्ही लावलेलं नाही, घराबरोबर आलं, खूप मोठं आहे. त्याच्याखाली गाडी ठेवली की काच चिकट होते, मग त्यावर काळं काहीतरी बसतं, डेकचं रेलिंगपण काळं झालंय. झाड कापायला दोन हजारांच्या वर सांगतायत. औषध मारून भागेल का? (गेथर्सबर्ग, मेरीलँड)

मावा. नाहीतर खवले कीड. दोघी पानांचा आणि फांद्यांचा रस शोषतात आणि जास्तीची साखर खाली सोडतात, त्याला आपले शेतकरी चिकटा म्हणतात, त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. बुरशी झाडाला खात नाही, तुमच्या गाडीला फक्त.

बारीक फांद्या नीट बघा. वाटाण्याच्या अर्ध्याएवढे, तपकिरी-राखाडी-गुलाबीसर फुगीर दाणे एकमेकांना खेटून बसलेले दिसले, अंगठ्याने ढकलल्यावर निघाले आणि बोट ओलं झालं, तर ती खवले कीड. पानाच्या मागे हिरवट बारीक किडे हलताना दिसले तर मावा. माव्यासाठी मोठ्या झाडाला काही करायची गरज नसते, लेडीबग आणि बाकीचे शिकारी किडे उशिरा का होईना येतात आणि ताट साफ करतात. खवले कीड लहान झाडावर असेल तर पानं गळाल्यावर हिवाळ्यात डॉर्मंट ऑइल, म्हणजे झाड झोपेत असताना फवारायचं तेल, मारा, आणि तिची पिल्लं ऑगस्टअखेर-सप्टेंबरमध्ये बाहेर पडतात तेव्हा साबणाचं औषध लागू पडतं, एरवी कवचावरून ओघळून जातं नुसतं.

पण तुमचं झाड मोठं, तिथे फवारा पोचणार नाही, मग कुणीतरी येऊन म्हणेल की बुंध्याशी मातीत औषध ओतू, मुळांतून वर जाईल. ते करू नका असं माझं स्पष्ट मत. मे-जूनमध्ये या फुलांत मध इतका असतो की या भागातल्या मधमाशीपालकांचं मोठं पीक यावरच निघतं, ट्यूलिप पॉप्लरचा मध गडद तांबूस, काकवीच्या जवळ जाणारा, शेतकरी बाजारात दिसला तर जरूर घ्या. मुळांतून दिलेलं ते औषध फुलांतही उतरतं. शिवाय पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं ते मोठं टायगर स्वॅलोटेल फुलपाखरू, त्याच्या अळ्या या पानांवरही वाढतात. दोन हजार डॉलर कशाला घालवताय, गाडी दुसरीकडे लावा. रेलिंग साबणाच्या पाण्याने निघतं.

मुलाने शाळेच्या मैदानातून या झाडाची कोनसारखी फळं आणलीयेत, बिया काढून ठेवल्यात. आम्ही डिसेंबरमध्ये साताऱ्याला जातोय, आजोबांच्या अंगणात लावायचं त्याच्या मनात आहे. काय तयारी करावी? (पिट्सबर्ग)

पोराला शाबासकी द्या आधी, आणि मग वाईट बातमी. बिया भारतात अशा खिशातून नेता येत नाहीत, आयातीचा परवाना आणि रोगमुक्त असल्याचं सरकारी सर्टिफिकेट दोन्ही लागतं, विमानतळावर काढून घेतील. आणि नेल्या तरी साताऱ्यात हे झाड नांदणार नाही, याला खरी थंडी लागते, हिवाळाभर झोपायला मिळालं नाही तर याचं चक्रच बसत नाही.

त्यापेक्षा पिट्सबर्गलाच करू दे. ते कोन म्हणजे पंखवाल्या बियांची चळत असते, एकेक पंख सुटा होऊन भिरभिरत खाली येतो. त्यातल्या बऱ्याचशा पोकळ निघतात, शंभरात पाच-दहा रुजल्या तरी खूप, त्यामुळे वीसच बिया पेरून रडत बसायचं नाही, मूठभर घ्यायच्या. ओलसर वाळूत मिसळून झिपलॉक पिशवीत फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दोन ते तीन महिने, वर मोठ्या अक्षरात नाव लिहा, माझ्या सासूबाईंनी एकदा ती पिशवी खराब झालेली राई समजून टाकून दिली होती. मार्चमध्ये कुंडीत पेरा. रोप आलं की पहिली खरी पानं बघायला लावा त्याला: चार कोपरे असतात आणि टोक असायला पाहिजे तिथे कात्रीने आडवं कापून घेतल्यासारखं, मांजराचा चेहरा काढावा तसं दिसतं. फूल यायला मात्र पंधरा-वीस वर्षं. तोवर तो स्वतः नोकरीला लागला असेल, हे त्याला आत्ता नका सांगू. पण इंडियाना, टेनेसी आणि केंटकी या तीन राज्यांचं हे राज्यवृक्ष आहे आणि माउंट व्हर्ननला जॉर्ज वॉशिंग्टनच्या बागेत १७८५ साली लावलेले दोन अजून उभे आहेत, हे सांगा, शाळेत सांगायला उपयोगी पडेल.

आणि आजोबांच्या अंगणात सोनचाफ्याचं कलम लावा, नातवाच्या हाताने. कलमाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच फुलं येतात. एकाच कुळातलं एक झाड इकडे, एक तिकडे.

आमच्या सोसायटीत ट्यूलिप ट्रीची चार झाडं आहेत, लालभडक फुलं येतात. पावसाळ्यात दरवर्षी फांदी पडते, गेल्या वर्षी एका स्कूटरवर पडली. काही मेंबर म्हणतात तोडा, काही म्हणतात अजून दोन लावा, शोभा आहे. तुमचं काय मत? (कोथरूड, पुणे)

तुमचं ते आफ्रिकन ट्यूलिप ट्री, स्पॅथोडिया, वरच्या सगळ्या प्रश्नोत्तरांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. आपण त्याला पिचकारी म्हणायचो, आठवतंय का, त्या वाकड्या, केळफुलाच्या नखासारख्या कळ्या दाबल्या की पाण्याची चिळकांडी उडायची आणि शर्टाला डाग पडायचे. कुणी आकाशशेवगा पण म्हणतं.

शोभा आहेच, नाही कसं म्हणू, पण अजून दोन लावू नका. लाकूड ठिसूळ, वाऱ्यापावसात फांदी सांगून पडत नाही. आणि या झाडाचं नाव जगातल्या सगळ्यात उपद्रवी १०० परक्या जातींच्या यादीत आहे, हवाईत, क्वीन्सलँडमध्ये जंगलात घुसून बसलंय, कारण बिया कागदासारख्या पातळ, वाऱ्यावर कुठेही जातात. त्या स्कूटरवाल्याची बाजू मला पटते. पण म्हणून उद्या सकाळी माणूस बोलावून बुडातून तोडून टाकू नका, महाराष्ट्रात शहरात झाड तोडायला १९७५ च्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, पिचकारी असली तरी. मे महिन्यात परवानगी काढून जाणत्या माणसाकडून वाळलेल्या आणि पार्किंगवर आलेल्या फांद्या उतरवून घ्या, शेंडा सपाट छाटू देऊ नका, तिथून फुटणाऱ्या नव्या फांद्या आणखी कच्च्या असतात. आणि नवीन लावायचंच आहे तर बहावा लावा. तामण लावा. दोन्ही आपली, दोन्हींना उन्हाळ्यात फुलं, आणि भांडणाऱ्या दोन्ही पार्ट्या गप्प.

समुद्रापासून शंभर पावलांवर घर आहे, खाऱ्या वाऱ्याने काही टिकत नाही. ऑनलाइन इंडियन ट्यूलिप ट्रीचं रोप साडेतीनशेला दिसतंय. घ्यावं का? (अलिबागजवळून)

साडेतीनशे रुपये? अहो ती भेंड आहे! आपली भेंडीची झाडं, पारोसा पिंपळ म्हणतात ती. पान पिंपळासारखं पण शेपटी आखूड, फूल सकाळी पिवळं, आत मरून डोळा, संध्याकाळपर्यंत लालसर होऊन मिटतं. मुंबईच्या भेंडी बाजाराचं नाव याच झाडांवरून पडलं असं सांगतात. लाकूड चिवट, पूर्वी बैलगाडीच्या चाकांना वापरायचे, आणि आम्ही पोरं पानाची गुंडाळी करून पिपाणी वाजवायचो आणि हिरव्या फळांचे भोवरे फिरवायचो.

खारा वारा, वाळू, भरतीचं पाणी, सगळं सोसते ती. विकत नका घेऊ. गावात कुठेतरी खाडीच्या बांधावर उभी असेल, मालकाला विचारून मनगटाएवढी, पाच-सहा फुटांची फांदी घ्या, पानं काढून टाका, आणि पहिले दोन पाऊस झाले की दोन फूट खोल खड्ड्यात रोवून माती घट्ट दाबा. खालचं टोक खाली राहील एवढं बघा, आमच्या मामाने एकदा उलटी रोवली होती आणि सप्टेंबरपर्यंत वाट बघत बसला होता.